छत्तीस वेल, झाड एकच: ग्वाल्हेरच्या एका परवलबागेचं प्रकरण

मावशीने माझ्यापुढे जे ताट ठेवलं त्यात खायचं काही नव्हतं. ताटभर परवलं होती, पण एकही करंगळीच्या पेराहून मोठं नाही. पिवळी पडलेली, देठाकडून सुकलेली, टोकाला वाळक्या फुलाची शेपटी तशीच लोंबत असलेली. ‘ही आज सकाळची वेचणी,’ ती म्हणाली. ‘रोज एवढी गळतात. तू कॉलेजात बॉटनी शिकवतेस ना, मग सांग बाई काय झालंय ते.’

एप्रिलचा पहिला आठवडा होता. ग्वाल्हेरचं ऊन तापायला लागलं होतं आणि मावसोबांचा चेहरा त्याहून उतरलेला होता.

मावसोबा बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी तिघऱ्याच्या रस्त्यावर दीड बिघा जमीन घेतली. ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातलं घर म्हणजे वाड्याची एक वाटणी, अंगण नाही. मातीत हात घालायची हौस आयुष्यभर गच्चीवरच्या कुंड्यांत भागवलेली. जमीन हाती आल्यावर त्यांनी भाज्याच लावायच्या ठरवल्या आणि त्यातही परवल, कारण बनारसकडचा त्यांचा एक जुना सहकारी दरवर्षी घरच्या परवलाची टोपली पाठवायचा आणि मावशी त्याची दाण्याचा कूट भरून भाजी करायची. त्या सहकाऱ्याच्या दारात एक वेल होता, लांबट, हिरव्यागार, पांढऱ्या पट्ट्यांच्या फळांचा, वर्षानुवर्षं लगडणारा. त्याच वेलाच्या छाटण्या ओल्या गोणपाटात गुंडाळून रेल्वेने आल्या.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक खुलासा इथेच करते. परवल म्हणजे पडवळ नव्हे. आमच्याकडे पुण्याहून पाहुणे आले की हा घोटाळा दर खेपेला होतो. पडवळ सापासारखं लांब, परवल बोटभर आणि दोन्हीकडे निमुळतं. घोटाळा निव्वळ नावाचा म्हणावा तर तसंही नाही, कारण दोन्ही एकाच प्रजातीगटातले चुलतभाऊ आहेत. पडवळाचं शास्त्रीय नाव ट्रायकोसॅन्थस कुकुमेरिना, परवलाचं ट्रायकोसॅन्थस डायोइका. यातल्या ‘डायोइका’ या शब्दाचा अर्थ दोन घरांचा. या प्रकरणाचं उत्तर त्या नावातच होतं, पण तिथवर पोचायला मला तीन आठवडे लागले.

लागवड सप्टेंबरमध्ये झाली होती. परवल बियांपासून सहसा कोणी लावत नाही. हात-दीड हात लांबीचा जुना वेल घ्यायचा, त्याची वळकटी करायची, आळ्यात आडवी पुरायची आणि टोक वर ठेवायचं. प्रत्येक पेरापाशी मुळं सुटतात, डोळा फुगतो आणि नवा वेल वर येतो. थंडीत ग्वाल्हेरचा पारा खाली गेला की वरची पानं जळतात, वेल मेल्यासारखा दिसतो, पण जमिनीतलं मूळ जिवंत असतं आणि फेब्रुवारीत पुन्हा फुटतं. मावसोबांनी चाळीस आळी केली होती. पहिल्या उन्हाळ्यात बाग छान लागली. घरात खाऊन, आळीत वाटून दोनदा मंडईतही माल गेला. दुसऱ्या वर्षी वेल दुप्पट जोमाचे, मांडव गच्च, फुलं मोजता येणार नाहीत इतकी, आणि फळ मात्र नखभर होऊन गळून जायचं.

मी जाईपर्यंत बरेच उपाय होऊन गेले होते. शेणखत दुप्पट टाकून झालं. बोरॉन फवारून झालं. दुकानदाराने फूल टिकवायचं म्हणून एक औषध दिलं, तेही दोनदा मारलं. फळमाशी असेल म्हणून कीटकनाशक. बागेत काम करणारे दाऊ (इकडे वडीलधाऱ्या माणसाला दाऊ म्हणतात) गहू आणि सरसोंचे माणूस. त्यांनी परवल जन्मात केलं नव्हतं, पण त्यांचं निरीक्षण पक्कं होतं. ते म्हणाले, फळाला डंख नाही, आत अळी नाही, कुजका वासही नाही. मी पाच-सहा फळं ब्लेडने उभी चिरली. दाऊंचं म्हणणं खरं होतं. फळमाशी नव्हती.

माझा पहिला अंदाज चुकला, तो इथे नोंदवायलाच हवा. फवारणी संध्याकाळी होत होती. परवलाचं फूल रात्री उमलतं आणि रात्री फिरणारे पतंग त्याच्यावर येतात. तेव्हा विषाने पतंग मेले, परागण थांबलं, फळ गळलं, असा सरळ हिशोब मी मांडला. फवारणी पूर्ण बंद करायला सांगितली आणि दोन आठवडे थांबू म्हटलं. दोन आठवड्यांनी ताट तसंच भरलेलं. संध्याकाळची फवारणी वाईटच होती, ती बंद झाली ते बरंच झालं. पण रोग दुसरा होता.

चूक कुठे झाली ते सांगते. मी बागेत दुपारी गेले होते. दुपारी परवलाची फुलं मिटून लोळागोळा झालेली असतात आणि नरफूल तर सुकून गळूनही जातं. त्यामुळे वेलावर फक्त इवलीइवली फळं दिसली तर त्यात मला वावगं वाटलं नाही. नर होते आणि गळाले असतील, असं मी धरून चालले. पाहिल्याशिवाय धरून चालले, एवढंच.

मग एका रात्री आम्ही बागेत मुक्काम केला. पहाटे साडेचारला मी टॉर्च घेऊन पहिल्या आळ्यापासून सुरुवात केली. परवलाची नर आणि मादी फुलं ओळखायला पुस्तक लागत नाही. मादीफुलाच्या पाकळ्यांखाली, देठ आणि फूल यांच्या मध्ये, परवलाचीच छोटी प्रतिकृती असते: लवदार, फिकट हिरवी, दोन्हीकडे निमुळती. तो तिचा अंडाशय. नरफुलाखाली असं काही नसतं, बारीक देठ सरळ फुलात जातो. मी एक-एक फूल उलटं करून बघत गेले. मादी. मादी. मादी. चौथ्या रांगेपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं, तरी शेवटपर्यंत गेले. छत्तीस वेल आणि एकही नरफूल नाही.

‘चाळीस होते ना?’ मी विचारलं. मावसोबा घरात जाऊन वही घेऊन आले. ही वही म्हणजे बँकेतल्या माणसाचा खरा ऐवज. प्रत्येक वेलाला क्रमांक, प्रत्येक कामाला तारीख. कार्तिकातल्या छाटणीच्या पानावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘३७, ३८ व ४०: पूर्ण हंगामात एकही फळ नाही. वांझ. समूळ काढले. ३९ पावसाळ्यात मेला.’

मी ती ओळ तीनदा वाचली. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. वांझ वेल बागेत विखुरलेले असते तर वेगळी गोष्ट. हे ओळीने होते, सगळ्यात शेवटी लावलेले, म्हणजे एकाच गड्डीतून आलेले. मी मावसोबांना तिथूनच बनारसला फोन लावायला सांगितला. पलीकडून उत्तर आलं ते असं: ‘वो छोटी गड्डी तो नर की थी, सफ़ेद सुतली से बाँधी थी, बताया तो था.’ छत्तीस माद्यांना चार नर त्यांनी हिशोबाने पाठवले होते. परवल करणारे शेतकरी नऊ-दहा माद्यांमागे एक नर ठेवतात, तेच प्रमाण. पहिल्या वर्षी तीन नर जगले आणि तेवढ्यांनी छत्तीस वेलांना फळ दिलं. मग फळ देत नाहीत म्हणून तेच काढले गेले.

मावसोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘म्हणजे मीच.’ मला ते फार लागलं. त्यांनी वही नीट ठेवली नसती तर मला उत्तर मिळालंच नसतं, हे मी त्यांना सांगितलं आणि ते खरंच आहे.

आता ही गोष्ट नीट उलगडायला हवी, कारण चूक घडली ती एका अगदी साध्या समजुतीतून. छत्तीस आळी, छत्तीस मुळं, छत्तीस मांडव, म्हणजे छत्तीस झाडं. डोळ्यांना तसंच दिसतं. पण बनारसच्या त्या दारातल्या एका वेलाच्या तुकड्यांतून ते सगळे आले आहेत. तुकड्यातून नवा वेल होतो तेव्हा पेशी नुसत्या दुभागत जातात आणि प्रत्येक वेळी गुणसूत्रांची हुबेहूब प्रत पुढे देतात. कोणाचं कोणात मिसळत नाही. त्यामुळे फळाची लांबी, पट्टे, चव यांची प्रत आली. आणि त्याच प्रतीत मादीपणही आलं. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मावसोबांच्या बागेत छत्तीस ठिकाणी मुळं धरलेलं एकच झाड होतं, आणि ते झाड मादी होतं. आपण याला शाकीय किंवा अलैंगिक प्रजनन म्हणतो. पानफुटीच्या पानाच्या कडेला रोपं फुटतात ते हेच, केळीच्या बुडाशी मुनवे येतात ते हेच, गुलाबाची काडी रोवतो ते हेच.

मला इथे एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. मराठी शेतकऱ्याने हा फरक भाषेतच बांधून ठेवला आहे. ज्वारीचं, भेंडीचं ते बी किंवा बियाणं. उसाचं, हळदीचं, आल्याचं ते बेणं. बियाणं फुलातून आलेलं असतं, त्याला आई आणि बाप असतात. बेणं अंगातून आलेलं असतं, ते त्याच झाडाचं पुढचं आयुष्य. दोन शब्द, दोन जन्म. ग्वाल्हेरात आम्ही पिढ्यान्‌पिढ्या हिंदीत व्यवहार करतो आणि हिंदीत उसाचंही ‘बीज’, बटाट्याचंही ‘बीज’. इथे केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचं केंद्र आहे, आजूबाजूला बटाटा लावणारे पुष्कळ, आणि सगळे कापलेल्या कंदाला बीजच म्हणतात. मावसोबांच्या वहीतही ‘परवल-बीज, दोन गड्ड्या’ अशीच नोंद आहे. तिथे ‘बेणं’ लिहिलं असतं तर ‘कोणाचं बेणं’ हा प्रश्न तरी मनात आला असता, असं मला राहूनराहून वाटतं. हा शब्द आमच्या घरांतून जाऊ देता कामा नये.

मावशीला माझं म्हणणं पटायला वेळ लागला, आणि तिचा आक्षेप चांगला होता. ‘अगं, माझ्या गच्चीवर एकच पडवळ आहे. त्याला कुठे नवरा शोधलाय मी? तरी भाजी होते.’ खरंय. पडवळाच्या एकाच वेलावर नर आणि मादी अशी दोन्ही फुलं येतात. दुधी, काकडी, भोपळा, दोडका यांचंही तसंच, घर एक आणि खोल्या दोन. परवलात घरंच दोन. कर्टोलीचंही असंच आहे. कोकणात पावसाळ्यात डोंगरावरून कर्टोली आणणाऱ्या बायकांना नरवेल आणि मादीवेल वेगळे असतात हे ठाऊक असतं. पपईतही नर झाड वेगळं निघतं आणि लोक ते तोडतात. मग शेजारच्या काकूंची तोंडली चर्चेत आली. तोंडलीचेही नर-मादी वेल वेगळे, पण तोंडलीत परागाशिवाय फळ धरणारे वेल सापडतात, म्हणून कोणाच्या कुंपणावर एकटी मादीही लगडलेली दिसू शकते. तिच्यावरून परवलाला नियम लावता येत नाही.

झाडांमध्ये नर-मादी असतात हे माणसाने प्रयोगाने दाखवलं ते 1694 मध्ये, जर्मनीत ट्यूबिंगेनला. रुडॉल्फ याकोब कॅमेरेरियस नावाच्या वैद्याने. त्याने एरंडाची नरफुलं उमलण्याआधीच खुडली आणि बी धरलं नाही. मादी तुतीजवळ नर तुती नव्हती तेव्हा फळं आली, पण आतल्या बिया पोकळ निघाल्या. मी हे दरवर्षी वर्गात शिकवते. मावसोबांनी कार्तिकात नकळत तोच प्रयोग दीड बिघ्यात करून दाखवला होता.

निदान झालं, पण मला ते हाताने पडताळून बघायचं होतं. निव्वळ वहीतल्या ओळीवर पुढच्या वर्षाची बाग उभी करायची नव्हती. मुरारच्या पलीकडे एक शेतकरी परवल करतो. त्याच्याकडून संध्याकाळी नराच्या फुगलेल्या कळ्या देठासकट आणल्या, पेल्यात पाणी घालून त्यात उभ्या ठेवल्या आणि वरून ओलं फडकं. रात्रीत त्या पेल्यातच उमलल्या. इकडे मावशीच्या जुन्या मलमलीच्या ओढणीच्या छोट्या पिशव्या शिवून आम्ही सूर्य मावळताना वीस मादी कळ्यांवर बांधल्या. दहांना लाल दोरा, दहांना पांढरा. आणखी दहा कळ्यांना नुसता निळा दोरा, पिशवी नाही.

पहाटे पाचला लाल दोऱ्याच्या पिशव्या एकेक करून उघडल्या. परागण करताना घाई करायची नाही. नरफूल देठाने धरायचं आणि पाकळ्या मागे दुमडून काढून टाकायच्या, म्हणजे मधला परागकोशांचा गोळा उघडा पडतो. नखावर हलकेच टेकवून बघायचं, भुकटी लागली तर पराग सुटा आहे. मग मादीफुलात डोकवायचं. आत पराग झेलणारी तीन फाट्यांची कुक्षी असते, दमट. तिच्यावर परागकोश टेकवून अर्धा वळसा द्यायचा, दाबायचं नाही. तिन्ही फाट्यांना पराग लागला पाहिजे. एक नरफूल सहा-सात मादीफुलांना पुरलं. पिशवी परत बांधली. दाऊ टॉर्च धरून उभे होते. पाचव्या फुलापासून त्यांनीच करायला घेतलं, आणि त्यांच्या जाड बोटांना ते माझ्यापेक्षा हळुवार जमत होतं.

बोटांचं काम इथे संपतं. पुढचं झाड करतं. कुक्षीवर परागकण रुजतो आणि त्यातून एक सूक्ष्म नळी निघते, ती कुक्षीखालच्या दांड्यातून खाली, अंडाशयात, एकेका बीजांडापर्यंत (ज्याची पुढे बी होते) जाते. प्रत्येक नळीत दोन नरयुग्मकं, म्हणजे नरपेशी, असतात. एक बीजांडातल्या अंडपेशीशी मिळतं आणि गर्भ होतो. दुसरं मधल्या पेशीशी मिळतं आणि गर्भाला पोसणारा भ्रूणपोष होतो. हे दुहेरी फलन सर्गेई नवाशिन या रशियन शास्त्रज्ञाने 1898 मध्ये दाखवलं, आणि सपुष्प वनस्पतींचं ते वैशिष्ट्य आहे. बीजांडं अशी जागी झाली की तीच अंडाशयाला वाढायचा निरोप धाडतात, संप्रेरकांच्या रूपाने. निरोप आला की अंडाशयाचं फळ होतं. नाही आला तर झाड त्याच्यावर अन्न खर्च करत नाही, देठापाशी थर तयार होतो आणि ते गळतं. मावशीच्या ताटातली ती पिवळी परवलं म्हणजे निरोप न मिळालेले अंडाशय होते. त्यांना ‘लहान फळं’ म्हणणंही चूक. बोरॉन, खत, पाणी यांपैकी काहीही त्या निरोपाची जागा घेणार नव्हतं.

आणि या निरोपातच लैंगिक प्रजननाचा मुद्दा आहे. परागकण आणि अंडपेशी तयार होताना गुणसूत्रं निम्मी होतात आणि होताना पत्ते पिसावेत तशी उलटसुलट होतात. म्हणून बापाच्या प्रत्येक परागकणात वेगळा डाव, आईच्या प्रत्येक बीजांडात वेगळा. एका परवलातल्या दोन बिया सख्ख्या भावंडांइतक्या सारख्या आणि तितक्याच वेगळ्या. मात्र फळाचा गर, साल, पट्टे हे सगळं आईचं अंग आहे. नर कुठलाही आणला तरी मावसोबांच्या परवलाची चव बनारसचीच राहणार होती. ही शंका त्यांनी तेव्हाच विचारली होती आणि हे उत्तर ऐकून त्यांचा जीव खाली पडला.

सहाव्या दिवशी निळ्या दोऱ्याचं एकही फळ वेलावर नव्हतं. पांढऱ्या दोऱ्याची पिशव्यांतच गळून पडली होती. लाल दोऱ्यांपैकी सात फुगली होती, गडद हिरवी, पट्टे उमटलेली. मावशीने सातही मोजून घेतली, परत एकदा मोजली आणि दोघांना चहा टाकायला गेली.

त्या हंगामाचं काय करायचं हा प्रश्न उरला. मावसोबा आणि दाऊ एक दिवसाआड संध्याकाळी मुरारला जाऊन कळ्या आणत आणि पहाटे मांडवाखाली वाकून दोन तास काम करत. सगळी फुलं करणं शक्यच नव्हतं. त्यांनी बारा वेल निवडले आणि जूनच्या मध्यापर्यंत घरापुरतं परवल काढलं. सत्तरीच्या माणसाने इतकं वाकू नये असं मावशीचं मत होतं आणि माझंही. त्यांनी ऐकलं नाही.

सप्टेंबरात नर लावले, मुरारच्याच शेतकऱ्याकडून छाटण्या घेऊन. या वेळी सहा, म्हणजे एखाद-दोन मेले तरी चार राहतील. पहिल्या वर्षी चारही नर बागेच्या एका टोकाला होते आणि मावसोबांची वही तपासली तर लांबच्या रांगांना तेव्हाही फळ कमीच होतं. म्हणून आता मधल्या रिकाम्या जागा शोधून ते विखुरले. संध्याकाळची फवारणी कायमची बंद. पुढच्या मार्चमध्ये नर आणि मादी एकदमच फुलले. ताट पुन्हा भरलं, आणि या वेळी विळीवर गेलं.

एक गोष्ट मात्र मी मावसोबांना स्पष्ट सांगितली आहे. बाग फळली तरी तिचा धोका टळलेला नाही. छत्तीस वेल एकच झाड आहेत म्हणजे जो रोग एकाला धरेल तो सगळ्यांना सारख्याच सहजपणे धरेल. परवलाच्या मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी येतात. बेण्याबरोबर तेही गावोगाव फिरतात. एका वेलाला त्यांचा प्रतिकार नसेल तर कोणालाच नसणार. आयर्लंडात 1845 पासून बटाट्याचं पीक करप्याने बसलं त्यामागे शेतोशेती एकाच वाणाचं बेणं असणं हेही कारण होतं. म्हणून शहाणी शेती दोन्ही जन्म वापरते. कोईमतूरच्या ऊस पैदास केंद्रात वेंकटरामन यांनी लागवडीचा ऊस आणि काशा हे रानटी गवत यांचा संकर केला. फुलातून, परागातून. त्यातून 1918 मध्ये को 205 हा वाण बाहेर पडला, आणि मग तो पसरला तो मात्र बेण्यातून. नवं हवं असेल तर फूल, हाती लागलेलं जपायचं असेल तर बेणं. परवलातही रांचीच्या केंद्राने स्वर्ण अलौकिक आणि स्वर्णरेखा असे वाण दिले आहेत. आमच्या ग्वाल्हेरच्या नदीचं नावही स्वर्णरेखाच, त्यामुळे मावसोबांना आता तो वाण हवाच आहे. मी म्हटलं, आणा, पण नर-मादी विचारून आणा आणि गड्डीची सुतली फेकू नका.

लाल दोऱ्याच्या सात फळांपैकी एक मावशीने तोडलं नव्हतं. ते वेलावरच नारिंगी होऊ दिलं, आणि त्यातल्या बिया माझ्या मावसभावाच्या मुलीने गच्चीवर तेलाच्या डब्यांत पेरल्या. परवलाचं बी नीट रुजत नाही, तरी अकरा रोपं आली. त्यात साधारण निम्मे नर निघतील, आणि पान बघून, वेल बघून काही कळत नाही. कळी यावी लागते. आठ रोपांना ती आली आहे: पाच नर, तीन माद्या. एका मादीचं फळ आखूड आणि जवळजवळ गोल आहे, बनारसच्या वेलावर असं कधी आलं नव्हतं. उरलेली तीन अजून नुसतीच चढताहेत. मावसोबा रोज सकाळी चष्मा पुसून त्यांच्या प्रत्येक पानामागे बघतात, आणि वहीत त्या तिघांच्या क्रमांकापुढची जागा अजून कोरी आहे.